तीन रिकामी खोकी आणि छत्रीची खोळ

१

खोकं हातात हलकं लागलं आणि डिंपल सिस्टरनं ते पुन्हा एकदा उचलून पाहिलं.

वीतभर उंचीचं पांढऱ्या पुठ्ठ्याचं खोकं. आत काचेची भरलेली बाटली असली की ते हाताला कसं वजनदार लागतं. हे मात्र वाळल्या पानासारखं वर आलं. तिनं झाकण उघडलं. आत नुसती हवा. दुसरं उघडलं, तेही तसंच. तिसरं उघडायची हिंमतच होईना, म्हणून तिनं ते कानाशी धरून हलवलं. आवाज नाही.

"सर!" ती ओरडली. "अमिनोच्या तिन्ही बाटल्या गेल्या!"

कपाटाच्या कोठडीबाहेर, व्हरांड्यात, वॉर्डाच्या काचेला नाक चिकटवून रुचिता उभी होती. गेले सहा दिवस ती तिथंच उभी होती म्हटलं तरी चालेल. काचेवर तिच्या नाकाचा एक गोल डागच पडला होता आणि तो पुसायचा डिंपल सिस्टरला कंटाळा आला होता. नववी पास झालेली, तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आलेली आणि त्या दिवसापासून तोंड मिटायचं विसरलेली ही पोर; पण त्या क्षणी ती काच सोडून सरळ कोठडीच्या दाराशी धावली.

कारण त्या बाटल्या तिच्या भाचीच्या होत्या.

भाची म्हणजे धम्मदीपदादा आणि रत्नमालावहिनीची मुलगी. दहा आठवडे आधी जगात घाई करून आलेली. वजन अकराशे पन्नास ग्रॅम, मूठ रुचिताच्या अंगठ्याच्या नखाएवढी, आणि आवाज? आवाज म्हणजे मांजरीच्या पिल्लानं जांभई द्यावी तसा. अजून नाव नव्हतं. रुचिताची आई विमलाबाई तिला 'घाईबाई' म्हणायची आणि म्हणता म्हणता पदर डोळ्याला लावायची.

घाईबाईला दूध पचत नव्हतं. नळीतून दोन तासांनी चमचाभर, तेवढंच. बाकी सगळं जेवण शिरेतून. साकोलीतल्या या छोट्या दवाखान्याच्या डॉक्टर अमर सरांनी पहिल्याच दिवशी घरच्यांना व्हरांड्यात बसवून नीट समजावलं होतं. "ग्लुकोज म्हणजे सरपण. त्यानं चूल पेटते, ऊब राहते. पण लेकरू म्हणजे नुसती चूल नाही, बांधकाम चाललेलं घर आहे. त्याला विटा लागतात. अमिनो आम्लं म्हणजे त्या विटा. पोटात असती तर आईकडून रात्रंदिवस मिळाल्या असत्या. आता आपण द्यायच्या, पहिल्या दिवसापासून. नाही दिल्या तर ती स्वतःच्याच भिंतीतल्या विटा काढून वापरते."

धम्मदीप गवंडी. त्याला याहून जास्त सांगावं लागलं नाही. त्यानं फक्त विचारलं होतं, "सर, विटा कमी नाई ना पडनार?"

आणि आता कमी पडल्या होत्या.

डॉक्टर आले. त्यांनी तिन्ही खोकी पाहिली, कपाट पाहिलं, मग घड्याळ. साडेतीन. "चालू सिरिंज सहाला संपते. मेडिकलवाल्या भय्याजीला फोन लाव."

"लावला सर. आज रविवार. नागपूरच्या होलसेलवाल्याचं दुकान बंद. उद्या सकाळच्या गाडीनं येईल म्हणतो. त्याच्या दुकानात मोठ्या माणसांची बाटली आहे एक."

"ती नको. मोठ्यांचं शरीर एका अमिनोपासून दुसरं बनवून घेतं. हिच्या यकृताला अजून तेवढी कला आलेली नाही. हिला टायरोसीन, सिस्टीन, सगळं तयारच द्यावं लागतं. तिच्यासाठीचंच मिश्रण पाहिजे."

"मग सर?" रुचितानं कोठडीच्या दारातून विचारलं.

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. खोटं बोलणारा माणूस नव्हता तो. "रात्रभर साखरेवर ठेवू. जीवाला धोका नाही. पण पाच दिवस ती घटत होती, अकराशे पन्नासची एक हजार साठ झाली. आज सकाळी पहिल्यांदा पंधरा ग्रॅम वाढली. बांधकाम आत्ता कुठं सुरू झालंय, पोरी. मला ते थांबवायचं नाही."

पंधरा ग्रॅम! सकाळी त्या पंधरा ग्रॅमसाठी रुचितानं अख्ख्या व्हरांड्याला गूळ वाटला होता.

डिंपल सिस्टर मात्र वेगळ्याच विचारात होती. तिनं कपाटातला एक मातीचा तुकडा चिमटीत धरून "कोण कचरा टाकतं इथं!" म्हणत बादलीत भिरकावला, आणि मग हळूच, जड आवाजात म्हणाली, "सर, कोणाचं नाव घेऊ नये. पण पार्वताबाई दोन वाजता मोठी थैली भरून घेऊन गेली. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं."

२

"शक्यच नाई!" रुचिता इतक्या मोठ्यानं म्हणाली, की बाकावर झोपलेले कृष्णराव आबाजी दचकून उठले.

पार्वताबाई म्हणजे दवाखान्यातली आया. सकाळी सात ते दोन. झाडणं, पुसणं, कपडे उकळणं, आणि वर फुकट माया. पहिल्या दिवशी विमलाबाई भिंतीला टेकून रडत होती तेव्हा पार्वताबाई झाडू टेकवून शेजारी बसली. "काहून रडता वो? माही मोठी पोरगी सातव्या महिन्यातलीच आहे. आता तिले दारातून आत याले वाकावं लागते!" विमलाबाई रडता रडता हसली होती.

पार्वतामावशीला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिचा नवरा मंगरू, त्यालाही नाही. "मंग तुम्ही एकमेकांले निरोप कसे देता?" रुचितानं परवाच विचारलं होतं. मावशी खुदकन हसली होती. "दाराच्या कडीत धानाची काडी खोचली, म्हंजे मी वावरात. मोहाचं पान, म्हंजे जंगलात. कापूस असला, म्हंजे लेकीच्या घरी. तीस वर्सं झाली, एक डाव चुकामूक नाई. तुमच्या मोबाईलची बॅटरी जाते, माह्या काडीची कधी गेली नाई!"

अशी बाई बाटल्या चोरेल?

"तिले फोन लावा," विमलाबाई म्हणाली.

"बंद येतो. तिच्या गावाची लाइट सकाळपासून नाही, आपल्यासारखीच," सिस्टर म्हणाली.

हायवेवरचा ट्रान्सफॉर्मर सकाळी आठला धडाम झाला होता. मे महिन्याचा तापलेला रविवार. जनरेटरवर फक्त लेकरांचे वॉर्मर, पंप आणि मॉनिटर चालू होते. पंखे बंद, एसी बंद, माणसं वर्तमानपत्रानं वारा घेत बसलेली.

धम्मदीपनं गाडीला किक मारली. "मी जातो तिच्या गावले. लाखांदूर रोडनं पाऊन तास जायले, पाऊन तास याले."

"दादा," रुचितानं हँडल धरलं, "तिच्यावर ओरडू नको. नुसतं विचारजो."

"अन् बाटल्या तिच्याकडे नसल्या तं?"

रुचितानं मान ताठ केली. वक्तृत्वाच्या व्यासपीठावर चढताना करायची तशी. "तं त्या मी शोधतो तोवर!"

गाडी धुरळा उडवत गेली. डॉक्टर दारात उभे राहून ऐकत होते. त्यांना हसू आलं नाही. आपल्या टेबलावरचा कोरा कागद नि पेन त्यांनी तिच्या हातात दिलं. "आत यायचं नाही. बाकी कोणालाही काहीही विचार. मी सांगितलंय म्हण."

चार वाजले होते.

३

पहिले सापडले भय्याजी. दवाखान्याला लागूनच त्यांचं मेडिकल. अंगानं भरलेले, घामानं निथळणारे, आणि बोलायला लागले की गाडीला ब्रेक नसलेले.

"मी अकराला आलो होतो ना वॉर्डात," ते म्हणाले, "साठा पाहायला. पण खोकी उघडली नाई मी, नुसती मोजली. तीन होती, तीन लिहिली. बेटा, मी कायले नेईन? नेऊन करू काय? पूर्ण तालुक्यात ती बाटली लागणारं एकच गिऱ्हाईक आहे, अन् ते दीड वीत लांबीचं आहे!"

"शुक्रवारी बाटल्या कोणाजवळ दिल्या तुम्ही?"

"पार्वताबाईजवळ. नागपूरच्या गाडीतून उतरवल्या तशा. अन् चांगलं बजावलं. पंचविसाच्या वर गरम होऊ देऊ नको, उजेडात ठेवू नको, खोक्यातून काढायची नाई. ती बी अशी चौकस! 'पंचवीस म्हंजे किती जी?' म्हणे. आता तिले सेल्सिअस काय समजावू? म्हटलं, बाई, माठातल्या पाण्याएवढं. आपल्या साखरेच्या इंजेक्शनवाल्यांले सांगतो तसंच. अन् काय सांगू बेटा, पंधरा मिनिटं माह्या डोक्याशी बसली. उजेडानं काहून बिघडते, गरमीनं काय होते..."

भय्याजी बोलतच राहिले असते. रुचितानं कागदावर सगळं लिहून घेतलं आणि "धन्यवाद काका" म्हणून सुटका करून घेतली.

दुसरे कृष्णराव आबाजी. त्यांचा नातू घाईबाईच्या शेजारच्या वॉर्मरमध्ये होता; त्याची शिरेतली नळी निघून आता तो दुधावर आला होता. आबाजींच्या सदऱ्याच्या खिशात नेहमी नव्या उन्हाळी धानाचे दाणे असायचे. एकेक दाणा दाताखाली फोडायचा आणि "अजून ओल आहे" किंवा "आता बरोबर वाळला" असा निकाल द्यायचा.

पण आबाजींवर संशय घ्यायला जागा होती. प्रत्येक बाटलीतलं चाळीस मिलिलिटर घाईबाईला लागायचं. उघडलेली बाटली दुसऱ्या दिवशी चालत नाही, म्हणून उरलेलं फेकून द्यायचे. ते पाहून आबाजी कासावीस व्हायचे. काल तर त्यांनी डॉक्टरांनाच धरलं होतं. "सर, तेवढं मले द्या जी. कृषी केंद्रातून अमिनोचं टॉनिक आणतो मी धानावर माराले. हे तं अस्सल लेकरांचं! माह्या वांग्याच्या रोपाले टाकतो." पूर्ण वॉर्ड हसला होता.

"आबाजी, खरं सांगा. वांग्यासाठी नाई ना नेल्या?"

"अवं पोरी!" आबाजी खवळले. "सीलबंद नेईन मी? उरलेलं मागत होतो! तुह्या लेकराच्या तोंडचं काढून वांगे पिकवीन? अन् चोर शोधायचाच तं माहा बी शोध!"

"तुमचं काय चोरीला गेलं?"

"छत्रीची खोळ! काळी, दांड्यावर चढवतो ती. जेवणाआधी जरा डोळा लागला, उठून पायतो तं छत्री उघडी बोडकी. भंडाऱ्याहून आणली होती खास. कोणी इचारते का मले? नाई! छत्रीवाल्याची काय किंमत!"

विमलाबाईनं तोंडाला पदर लावला. डिंपल सिस्टरही काचेआड हसली. रुचितानं मात्र लिहिलं: छत्रीची खोळ. काळी. दुपारी.

"अजून काही वेगळं दिसलं का आज?"

"वेगळं म्हंजे..." आबाजींनी दाणा फोडला. "पार्वताबाई मले रागावली. जेवून उठलो, रांजणाचं पाणी प्यालो, काठी रेतीत टेकवली. तं म्हणे, 'रेतीत काठी नका खुपसू जी आबाजी.' बाई माणूस एवढं कायले चिडते रेतीवर? पण पाणी मात्र आज कसं, बर्फावानी!"

तिसरी डिंपल सिस्टर स्वतः. दाराच्या फटीतून तिनं उत्तरं दिली, आणि ती देताना तिचा हात घाईबाईच्या वॉर्मरवरच होता.

"फ्रिजमधलं सगळं मी साडेआठलाच बर्फाच्या पेटीत हलवलं. अमिनो कपाटात असतं, फ्रिजमध्ये नसतं."

"कपाटाच्या खोलीत एसी असतो ना?"

"असतो. आज कुठला एसी!"

"दुपारी एक ते दोन तुम्ही कुठं होता?"

"आतच. आबाजींच्या नातवाचा श्वास अडखळला होता. सर आणि मी अर्धा तास हललो नाही. बाहेर कोण आलं, कोण गेलं, काही पाहिलं नाही. पार्वताबाई काचेवर टकटक करत होती एकदा. मी हातानंच 'नंतर' म्हटलं." ती थांबली. "मग ती थैली घेऊन गेलेली दिसली, एवढंच."

सव्वापाच. रुचितानं कागदाकडे पाहिलं. सगळी बोटं एकाच बाईकडे दाखवत होती.

आणि मग तिला कपाट पाहावंसं वाटलं.

४

कपाटाची खोली म्हणजे वॉर्डाबाहेरची एक कोठडी. दार उघडलं तर भट्टीचं तोंड उघडल्यासारखा वाफारा आला. भिंतीवर तापमापक टांगलेला होता. अडतीस.

"रोज चोवीस असतो," सिस्टर मागून म्हणाली.

सिस्टरनं तिन्ही खोकी सापडली होती तशीच परत ओळीनं लावून ठेवली होती. झाकणं नीट दुमडून आत खोचलेली. रुचितानं एक हातात घेतलं आणि तिचं डोकं पळायला लागलं.

चोर बाटली खोक्यासकट नेतो. सोपं जातं, फुटत नाही. हा चोर बाटल्या काढतो, खोकी बंद करतो, परत ओळीनं ठेवतो. कशाला? चोरी लपवायला? पण सहाच्या आत उघडकीला येणारच, हे दवाखान्यातल्या सगळ्यांना ठाऊक. मग खोकं कशासाठी नको झालं?

पुठ्ठा कशानं बिघडतो?

पाण्यानं!

"सिस्टर, खोकी तुम्ही फेकू देत नाही ना?"

"नाहीच. त्यावर बॅच नंबर असतो. पार्वताबाईला मी दहादा रागावले आहे त्यावरून."

रुचिता जागच्या जागी उडी मारायच्या बेतात होती. तिनं स्वतःला आवरलं. अजून एक गोष्ट राहिली होती. "तुम्ही मघाशी कपाटातून कचरा काढून टाकला. काय होतं ते?"

"काही नाही ग. खापराचा तुकडा होता मातीच्या भांड्याचा. खोक्यांवर पडलेला."

"पडलेला, की ठेवलेला?"

सिस्टरचा चेहरा हळूहळू बदलला. बादलीकडे ती स्वतःच गेली, वाकली आणि तो तुकडा शोधून वर काढला. तळहाताएवढा, काठाला गोलाई असलेला, भाजलेला लाल. कुठल्यातरी जुन्या मडक्याचा.

"चला," रुचिता म्हणाली. "सगळ्यांना बोलवा. आबाजींना, भय्याजींना, सरांना. बाटल्या दवाखान्याबाहेर गेलेल्याच नाहीत!"

५

व्हरांड्याच्या उत्तरेच्या कोपऱ्यात, लिंबाच्या सावलीत, नातेवाइकांसाठी पाण्याचा रांजण होता. त्याच्या बुडाशी रेतीचा हातभर उंच ढीग, कायम ओला ठेवलेला. दुपारपासून सगळ्यांनी तिथं पाणी प्यायलं होतं. आबाजींनी चार वेळा. भय्याजींनी सहा.

"आधी विचार करा," रुचिता म्हणाली. "आज काय काय हरवलं? तीन बाटल्या अन् एक खोळ. खोळ काळी. काळा कपडा कशाले लागतो? उजेड अडवाले! खोकं पाण्यात भिजते म्हणून काढलं, मंग बाटल्यांना अंधार कुठून द्यायचा? म्हणून खोळ."

आबाजींनी तोंड उघडलं. ते बंद करायचं विसरले.

"बाटल्या कोणी नेल्या, त्याले माहीत होतं की उजेड नको, गरमी नको. भय्याजी, तुम्हीच सांगतलं. फ्रिजमधलं सिस्टरांनी वाचवलं. कपाटातल्या बाटल्यांची आठवण कोणालेच आली नाई, अन् कोठडीत अडतीस झालं. एकाच माणसाले आठवण आली. ज्याले तुम्ही सांगतलं होतं, 'माठातल्या पाण्याएवढं'. तिनं अगदी तेवढंच केलं!"

"बापरे," भय्याजी म्हणाले. ब्रेक लागला होता.

"ती सांगाले आली, काचेवर टकटक केली. आत आबाजींचा नातू. सिस्टर म्हणाल्या नंतर. तिची बस दोनला. तिले लिहिता येत नाई. मंग तिनं तिच्या भाषेत चिठ्ठी ठेवली. धानाची काडी म्हंजे वावरात. मोहाचं पान म्हंजे जंगलात. अन् खापर म्हंजे?"

"मडक्यात," विमलाबाई पुटपुटली.

"आबाजी, तुमची काठी कुठं टेकली होती?"

आबाजींनी काठीनं दाखवलं. रांजणाच्या डाव्या बाजूला, भिंतीलगत. रेती तिथं बाकीच्याहून जास्त ओली होती, गडद.

रुचिता गुडघ्यावर बसली आणि दोन्ही हातांनी रेती उकरायला लागली. एक बोट. दोन बोटं. मग ओल्या पोत्याचा तुकडा हाताला लागला. त्याखाली थंडगार, गोल, मातीचा काठ. काठाला एक टवका उडालेला होता. सिस्टरनं हातातलं खापर तिथं लावलं. बरोबर बसलं.

सगळे पुढं वाकले.

पोतं उचललं. मडक्यात काळी खोळ, दोरीनं नीट बांधलेली, आणि खोळीच्या आत, एकमेकींना लागून लागून, तीन बाटल्या.

डॉक्टरांनी एक बाटली हातात घेतली. सील पाहिलं. उजेडाकडे धरून आतलं द्रव पाहिलं, काचेसारखं नितळ. मग थर्मामीटर मडक्यात सोडला आणि सगळे त्या पाऱ्याकडे घाईबाईचं वजन पाहावं तसे पाहत बसले.

"चोवीस," डॉक्टर म्हणाले. त्यांनी पारा पुन्हा एकदा पाहिला. "कपाटात अडतीस. दिवसभर तिथं राहिल्या असत्या तर मी या वापरल्याच नसत्या. सापडल्या असत्या, आणि तरीही गेल्या असत्या." त्यांनी सिस्टरकडे पाहिलं. "ज्यांना आपण चोर म्हणालो ना डिंपल, त्यांनी विटा वाचवल्या."

बाटली स्पिरिटनं पुसून, हातमोजे चढवून, सिस्टर आत गेली. सहाला पाच कमी असताना नवीन सिरिंज पंपावर चढली. काचेपलीकडून रुचितानं नाक टेकवून पाहिलं. पंपाचा हिरवा दिवा लागून सिरिंजचा दट्ट्या पुढं सरकला, आणि घाईबाईनं मांजरीसारखी जांभई दिली.

६

पार्वताबाईला वावरात शोधण्यात तास गेला, तेव्हा कुठं साडेसहाला धम्मदीपची गाडी दारात आली. मागं पार्वताबाई. पदर कमरेला खोचलेला, केस विस्कटलेले, आणि चेहऱ्यावर असा राग, की आबाजी काठीसकट मागं सरकले.

"कोणं मले चोर म्हणलं?" ती उतरता उतरता म्हणाली. "थैलीत कैऱ्या होत्या माह्या! डॉक्टर सरायनंच नेऊ देल्या, मागच्या झाडाच्या! अन् बाटल्यायचं मी सांगून गेली होती!"

"कोणाले सांगतलं मावशी?" रुचितानं विचारलं, उत्तर माहीत असूनही.

"अवो, खापर ठेवलं होतं ना खोक्यावर! एवढं मोठं! आंधळ्याले बी दिसंल असं!" तिनं कपाळावर हात मारला. "मंग आमच्या बुढ्याचं साखरंचं इंजेक्शन सात वर्सं कशात ठेवतो मी? मडक्यातच! आजवर खराब नाई झालं. भय्याजी म्हणले माठाएवढं, मी माठातच ठेवलं. आता तुमाले मडक्याचं खापर वाचता येत नाई, त्याले मी काय करू?"

एवढं बोलून तिचा राग संपला. "लेकरू कसं आहे?"

डिंपल सिस्टर दारातून बाहेर आली. टोपी काढलेली, डोळे लाल. ती पार्वताबाईसमोर उभी राहिली. मग तिनं सरळ तिचा हात धरला, तिला काचेपाशी नेलं, जिथं रुचिताच्या नाकाचा डाग होता तिथं, आणि पंपाकडे बोट दाखवलं. पार्वताबाईनं पाहिलं. दोघी तशाच उभ्या राहिल्या.

"माही खोळ?" आबाजींनी मागून हळूच विचारलं.

"धुऊन देतो ना जी," पार्वताबाई वळलीही नाही. "लेकराच्या कामी आली, आता भंडाऱ्याची खोळ राहिली नाई ती."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पार्वताबाई कामावर आली. लाइट आली होती, एसी घरघरत होता. नेहमीसारखी ती झाडू घ्यायला कोपऱ्यात गेली. झाडूच्या खिळ्याला दोऱ्यानं एक कागदाची पुडी बांधलेली होती. तिनं सोडली. आत धानाचे दाणे. आबाजींच्या खिशातले, नवे, सोनेरी.

व्हरांड्यात रुचिता श्वास रोखून पाहत होती. तिला माहीत होतं. सहाला वजन झालं तेव्हा ती काचेला चिकटून होती, आणि त्यानंतर डिंपल सिस्टर स्वतः आबाजींकडे दाणे मागायला आली होती. आबाजींनी एकेक दाणा फोडायचा मोह आवरत मोजून दिले होते.

पार्वताबाई भिंतीला टेकून बसली. दाणे तळहातावर ओतले आणि बोटानं एकेक बाजूला सारत मोजायला लागली. ओठ हलत होते. वीस झाले, तरी दाणे संपले नव्हते. बावीसवर बोट थांबलं.

तिनं मान वर केली. डिंपल सिस्टर काचेआड उभी होती आणि तिच्याकडेच पाहत होती.

"बावीस गिराम!" पार्वताबाई मोठ्यानं म्हणाली, अख्ख्या व्हरांड्याला ऐकू जाईल अशी. "अवो विमलाबाई, उठा! बावीस गिराम वाढली पोर!"